खडेबाजार, गणपत गल्ली आणि पार्किंगचा प्रश्न

गोवावेसकर (धागाकर्ता)

बाजारात गाडी लावायला जागा नाही, ही बेळगावकरांची जुनी तक्रार आहे आणि तिच्यावरचे उपायही ठरलेले आहेत : रस्ता रुंद करा, बहुमजली वाहनतळ बांधा, हातगाड्या हटवा. या तिन्ही उपायांच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा, असे मला वाटते. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड आणि समादेवी गल्ली या पट्ट्यात आज जी जागा आहे, ती सकाळपासून रात्रीपर्यंत नेमके कोण वापरते?

माझे निरीक्षण असे की, दुकानांची शटर वर जातात त्याच वेळी दारासमोरच्या बहुतेक जागा भरून जातात, आणि भरतात त्या दुकानमालकांच्या, दुकानांतील कामगारांच्या आणि वरच्या मजल्यांवरील कार्यालयांत बसणाऱ्यांच्या वाहनांनी. ही वाहने रात्री दुकाने मिटेपर्यंत हलत नाहीत. लग्नाचा बस्ता बांधायला निपाणीहून किंवा खानापूरहून निघालेले कुटुंब दुपारी बाजारात पोहोचते, तेव्हा चालकाला नरगुंदकर भावे चौकाभोवती घिरट्या घालाव्या लागतात आणि शेवटी तो उभ्या वाहनांच्या रांगेबाहेर दुसऱ्या रांगेत गाडी लावून आतच बसून राहतो. या दोन रांगांमधून रिक्षा, दुचाकी आणि मालाचे टेम्पो जातात. आणि त्यांच्यानंतर जे काही उरते त्यातून, कडेवर मूल आणि हातात पिशव्या घेतलेला माणूस चालतो. हे शेवटचे वाक्य माझ्या दृष्टीने मुख्य आहे, कारण मोटारीने आलेले गिऱ्हाईकसुद्धा दुकानात शिरते ते पायांनीच.

आकड्यांत बोलायचे तर, आपल्याकडील नगररचनेत एका मोटारीच्या पार्किंगसाठी उघड्यावर २३ चौरस मीटर, इमारतीच्या खांबांखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरण्याची पद्धत आहे, कारण गाडी आत-बाहेर करण्याची वाटही त्यात मोजावी लागते. रस्त्याकडेला समांतर लावली तरी दहा-बारा चौरस मीटर जातातच. गणपत गल्लीत एवढ्या जागेचे दुकान मिळवायला काय भाडे आणि काय अनामत मोजावी लागते, हे तेथील कोणालाही विचारावे. तीच जागा उंबरठ्याच्या पलीकडे गेली की दिवसभरासाठी फुकट होते. ज्या वस्तूची किंमत शून्य ठेवली जाते ती नेहमीच अपुरी पडते, आणि ती वाढवत नेली तरी अपुरीच पडत राहते. म्हणून वाहनतळ बांधल्यानंतरही दारासमोरची फुकट जागा तशीच ठेवली, तर लोक आधी तीच शोधतील आणि वाहनतळ अर्धा रिकामा राहील. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांच्या हिशेबाने वाटावी असे म्हटले आहे, आणि पार्किंगचे शुल्क त्या जमिनीच्या खऱ्या किमतीला साजेसे असावे असेही त्यात लिहिलेले आहे. या गोष्टीला आता जवळपास दोन दशके होत आली.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आपले नाव आले, तेव्हा बाजारपेठेत चालणे सुखाचे होईल अशी माझ्यासारख्यांची अपेक्षा होती. काही रस्त्यांवर फुटपाथ झाले, ते चांगलेही झाले. पण ज्या पट्ट्यात सर्वांत जास्त माणसे चालतात तेथपर्यंत ते काम आलेच नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी, अडथळाविरहित रुंदी हवी आणि त्याच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आपल्याकडे फुटपाथ जेथे आहे तेथे त्यावर वीज मंडळाची डीपी, दुकानाची पायरी आणि जाहिरातीचा लोखंडी फलक असतो, आणि कडा एवढी उंच असते की साठीपुढचा माणूस त्यावर चढण्याऐवजी रस्त्यानेच जातो.

माझा प्रस्ताव मर्यादित आहे. वरील सहा रस्त्यांवर कडेच्या जागेसाठी तासाप्रमाणे शुल्क घ्यावे, पहिला अर्धा तास नाममात्र ठेवावा, पुढे ते झपाट्याने वाढावे, आणि दिवसभर उभ्या राहणाऱ्या वाहनांसाठी बापट गल्लीच्या वाहनतळासारख्या, बाजाराच्या कडेच्या जागा स्वस्तात द्याव्यात. मोकळ्या होणाऱ्या जागेतून निदान एका बाजूला सलग फुटपाथ निघू शकतो. त्यासाठी कोणाचे घर पाडावे लागत नाही.

गणपतगल्ली_दुकान

आपले लेखन मन लावून वाचले. मी त्याच गल्लीत वडिलांच्या वेळेपासूनचे दुकान चालवतो, त्यामुळे आपण ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांतलाच मी एक आहे. सकाळी लागलेली वाहने दुकानदार आणि कामगारांचीच असतात हे मी नाकारणार नाही. गल्लीत ते सर्वांना ठाऊक आहे. पण पुढचा प्रश्न आपण विचारलेला नाही. माझ्याकडची मुले कंग्राळी, हिंडलगा आणि येळ्ळूरहून दुचाकीने येतात, कारण रात्री दुकान आवरून हिशेब होईपर्यंत त्यांच्या गावाची शेवटची बस निघून गेलेली असते. त्यांच्या पगारातून रोज पार्किंगचे पैसे कापले गेले, तर ती मुले माझ्याकडे टिकणार नाहीत, आणि आजच्या दिवसांत दुकानात टिकणारा माणूस मिळणे किती अवघड झाले आहे हे दुकानदारालाच समजते.

दुसरे असे की आमचे गिऱ्हाईक केवळ शहरातले नाही. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, गोवा, इकडे बैलहोंगल, गोकाक, अशा चहूबाजूंनी लोक येतात, आणि लग्नसराईत चारचाकी भरून येतात. त्यांना येथे पावती फाडावी लागली, दंड भरावा लागला, की पुढच्या वेळी ते कोल्हापूर किंवा हुबळी धरतील. नाहीतर घरी बसून मोबाईलवर मागवतील. एकदा तुटलेले गिऱ्हाईक परत येत नाही.

तिसरी गोष्ट शुल्काच्या वसुलीची. अशा ठेक्यांचा अनुभव मी एका शहरात घेतलेला आहे. पावतीवर एक रक्कम, मागितली जाते दुसरी, आणि वाद घातला तर हाताखालची मुले अंगावर येतात. गिऱ्हाईकाच्या डोक्यात राहते ते असे की बाजारात गेलो आणि भांडण झाले. ही जबाबदारी कोण घेणार?

सण जवळ आला की पोलीस बॅरिकेड लावून गल्लीत चारचाकी सोडत नाहीत आणि तरीही धंदा होतो, असे उदाहरण येथे कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो : गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर लोक कसेही करून येतात. आमची परीक्षा आषाढातल्या पावसाळी दुपारी असते.

अनगोळची_शिक्षिका

दुकानदार दादांनी बसचा विषय काढला ते बरे झाले, कारण माझ्या मते या धाग्यात तो पहिल्याच परिच्छेदात यायला हवा होता. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिलांना साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे लागत नाहीत. म्हणजे निम्म्या शहराला बाजारात पोहोचवणारे वाहन आज फुकट उपलब्ध आहे आणि त्याला गणपत गल्लीत पार्किंगही लागत नाही. असे असताना माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी स्कूटी काढतात. त्याची कारणे मला ठाऊक आहेत : घरापासून थांब्यापर्यंतची वाट, थांब्यावर उभे राहण्याची सोय, आणि बस किती वेळाने येईल याचा नसलेला भरवसा.

त्यातली पहिली बाब सर्वांत वाईट आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो हे बाहेरच्यांना सांगावे लागेल, तुम्हाला नाही. त्या चार महिन्यांत गुळगुळीत फरशांचा फुटपाथ निसरडा होतो, पेव्हर खाली बसून त्यांत पाणी साचते, आणि गटारावरचे झाकण कोठे निघालेले आहे हे पाण्याखाली दिसत नाही. मग माणूस ओळखीच्या डांबरावरूनच चालतो आणि मागून येणारा चालक त्याच्यावर हॉर्न वाजवतो. टिळकवाडीत रेल्वे गेट उघडल्यावर दोन्ही बाजूंनी वाहने एकदम सुटतात, त्या वेळी मुलाचा हात धरून रूळ ओलांडणाऱ्या आईकडे कोणाचेही लक्ष नसते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत मरण पावले. एकूण रस्ते-मृत्यूंपैकी ते साधारण एक पंचमांश होते.

शाळेच्या दारातले चित्र तर मी रोज पाहते. रस्ता धोक्याचा आहे म्हणून पालक मुलाला मोटारीने सोडतात, आणि मोटारींची ती रांगच दारातला रस्ता धोक्याचा करते. मी पालकांना दोष देत नाही. मीही आई आहे. पण ज्या मुलांची घरे पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत तीसुद्धा आठवीपर्यंत एकट्याने शाळेत चालत येत नाहीत, आणि रस्ता कसा ओलांडावा हे त्यांना शिकवण्याची वेळ येते तेव्हा ती दुचाकी चालवायच्या वयाला आलेली असतात.

म्हणून माझी विनंती अशी की शुल्कातून जे उत्पन्न येईल ते महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता त्याच प्रभागातील फुटपाथ, झेब्रा पट्टे आणि बसथांब्यांवर खर्च व्हावे, आणि तसे लेखी ठरावे. तसे झाले नाही तर मी शुल्काच्या विरोधात मत देईन.

कॅम्पातला_वाटसरू

व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला येणाऱ्यांची वाहने एकदा पाहावीत. दोन किलोमीटर चालण्यासाठी तीन किलोमीटर गाडी चालवणारे आपले शहर आहे. कॅम्पात मोठी झाडे टिकून आहेत म्हणून तेथे दुपारीही चालवते. शहरातल्या रस्त्यांवर सावली नाही, आणि या धाग्यात झाडांचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही.

शिवारकर_वडगाव

रस्ता रुंद करा आणि नवे रस्ते काढा, या उपायाची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे, म्हणून लिहितो. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांचा विरोध का आहे हे शहरात राहणाऱ्या अनेकांना अजून कळलेले नाही. त्याच्या वाटेवरचे शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचे शिवार हे ओलिताखालचे, दोन-तीन पिकांचे शिवार आहे. बेळगावचा बासमती ज्या मातीत होतो ती ही माती. बायपास झाला की शहरातली कोंडी फुटेल असे सांगितले जाते. पण बायपासने जातो तो शहरात काम नसलेला ट्रक. पुणे-बेंगळूर महामार्ग पूर्वीच बाहेरून गेलेला आहे आणि जुना पीबी (पुणे-बेंगळूर) रोड शहराकडे राहिलेला आहे, तरी कोंडी कमी झाली का? खडेबाजारात येणारा माणूस खडेबाजारातच येणार आहे.

दुसरीकडे शहर ज्या पद्धतीने शिवारात पसरते आहे, त्यात चालण्याचा विचारच नाही. नव्या लेआऊटच्या नकाशावर तीस फुटी, चाळीस फुटी रस्ते असतात. प्रत्यक्षात प्रत्येक घरमालक फाटकासमोर गाडी चढवण्यासाठी सिमेंटचा उतार ओततो, शेजारी चार कुंड्या आणि तारेचे कुंपण घालतो, आणि रस्त्याच्या दोन्ही कडा प्रत्येक घरासमोर तुटत जातात. आत गाडी लावायला जागा असूनही मोटार बाहेर आणि आतल्या जागेत भाडेकरूची खोली, हे तर सर्रास. दूध आणायलासुद्धा गाडी लागते, कारण त्या लेआऊटमध्ये दुकानाला जागाच ठेवलेली नसते. आमच्या गल्लीत किराणा, पिठाची गिरणी, शिंपी आणि मारुतीचे देऊळ सगळे हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्याला आज मागास वस्ती म्हणतात.

टू_व्हीलर_केए२२

सर्वजण मोटारींविषयी बोलत आहेत. बाजारात मोटारींपेक्षा दुचाकी कितीतरी जास्त येतात, आणि एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाकी राहतात. शुल्क लावायचेच असेल तर ते जागेच्या प्रमाणात लावा. मोटारीला वीस आणि दुचाकीला दहा, असे दर ठेवणे म्हणजे दुचाकीवाल्याने मोटारवाल्याचे पैसे भरणे होय. आणि पार्किंग कोठे आहे, कोठे नाही, कोणत्या तारखेला कोणत्या बाजूला, हे सांगणारा फलक सर्वांना वाचता येईल असा लावावा, म्हणजे गाडी उचलून नेल्यावर कळण्याची वेळ येणार नाही.

संपादक_चमू

फलकांच्या भाषेचा विषय येथे सुरू करू नये, त्यासाठी स्वतंत्र धागा आहे आणि तो बराच लांबलेला आहे. धन्यवाद.

नकाशा_आणि_ओटा

मी वास्तुरचनेच्या व्यवसायात आहे, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून लिहितो. रस्त्यावरच्या पार्किंगवर आपण बोलत आहोत. पण इमारतींच्या आतल्या पार्किंगचे नियम शहराला अधिक खोलवर बदलत आहेत.

बांधकाम परवाना हवा असेल तर ठरावीक चटईक्षेत्रामागे ठरावीक मोटारींची जागा दाखवावी लागते. नव्या वसाहतीतील मोठ्या भूखंडावर हे एक वेळ चालते. पेठेतील भूखंड मात्र दर्शनी बाजूला अरुंद आणि आत लांबच लांब असतो. त्यावर नियमाप्रमाणे मोटारी बसत नाहीत, म्हणून शेजारची दोन-तीन घरे एकत्र विकत घेतली जातात, पाडली जातात, आणि तळमजला खांबांवर मोकळा सोडून वर मजले चढतात. जुन्या घराचा ओटा, त्यावर बसलेली माणसे, दारातली रांगोळी, तळमजल्यावरचे छोटे दुकान, या सगळ्याच्या जागी लोखंडी फाटक आणि अंधारे खांब येतात. अशा दर्शनी भागासमोरून रात्री एकटीने चालायला कोणत्याही स्त्रीला बरे वाटत नाही. म्हणजे मोटारीसाठी केलेला नियम रस्त्यावर न उतरताही चालण्याच्या वाटेवर येतो.

व्यापारी इमारतींची गोष्ट आणखी वेगळी आहे. तळघर पार्किंग म्हणून मंजूर होते आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर तेथे गोदाम किंवा दुकान सुरू होते. अधूनमधून कारवाई होते, शटरला सील लागते, आणि काही महिन्यांनी ते उघडते. बाजारपेठेतील मंजूर नकाशांवरची सगळी तळघरे पार्किंगसाठी खुली झाली, तर बहुमजली वाहनतळाची मागणी कितपत उरेल हे तपासण्यासारखे आहे.

जगात याबाबत विचार बदलला आहे. अमेरिकेतील बफेलो शहराने २०१७ मध्ये किमान पार्किंगची अट काढून टाकली. त्याच वर्षी मेक्सिको सिटीने किमान मर्यादेऐवजी कमाल मर्यादा घातली, म्हणजे यापेक्षा जास्त पार्किंग बांधू नका असा नियम केला. जपानचा मार्ग मला आपल्यासाठी अधिक उपयोगी वाटतो : तेथे १९६२ च्या कायद्यापासून गाडी नोंदवताना ती ठेवायला रस्त्याबाहेर स्वतःची किंवा भाड्याची जागा असल्याचे सिद्ध करावे लागते. गाडी घेण्याचे स्वातंत्र्य पूर्ण आहे. फक्त ती सार्वजनिक रस्त्यावर रात्रभर ठेवता येत नाही. वडगावच्या सदस्यांनी लिहिलेली, आत भाडेकरू आणि बाहेर मोटार ही परिस्थिती अशा नियमाखाली निर्माणच होत नाही.

रस्तारुंदीबाबत एकच जोडतो. शहापुरात बँक ऑफ इंडिया ते जुना पीबी रोड या रस्त्याचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत गेले, आणि २०२४ मध्ये रस्त्याखाली गेलेली जागा मूळ मालकाला परत करण्याची वेळ महापालिकेवर आली. रीतसर भूसंपादन न करता केलेली रुंदी किती महाग पडते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण नाही. धागाकर्त्यांच्या प्रस्तावात कोणाची इंचभरही जमीन घ्यावी लागत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

पुण्यात_बेळगावकर

उत्साहावर पाणी ओतायचे नाही, पण मी जेथे राहतो तेथे काय झाले तेही पाहावे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ खरोखर रुंद झाले, बसायला बाके आली, जुनी झाडे राखली गेली, आणि आज तेथे संध्याकाळी माणसे दिसतात. पार्किंगच्या शुल्काचे मात्र तसे झाले नाही. २०१८ मध्ये धोरण सभागृहात आले तेव्हा इतका विरोध झाला की ते कापून-छाटून मंजूर करावे लागले, आणि अंमलबजावणी रखडत राहिली. फुटपाथचे उद्घाटन करायला नेते आनंदाने येतात. पार्किंगच्या पावतीवर कोणालाच आपले नाव नको असते. चेन्नईत पाँडी बाजारचा रस्ता २०१९ मध्ये पादचाऱ्यांसाठी नव्याने बांधला गेला, पण तेथेही जवळच बहुमजली वाहनतळाची सोय करावी लागली. म्हणून दुकानदार साहेबांच्या काळज्या बाजूला सारून हे काम होणार नाही.

रचनेतला एक बारकावाही सांगतो. फुटपाथ रुंद केला की कोंडीच्या वेळी दुचाकी त्यावर चढतात. त्या रोखायला खांब रोवावेत, तर दोन खांबांमधून चाकाची खुर्ची जायला हवी, आणि जेथून चाकाची खुर्ची जाते तेथून स्कूटरही जाते. यावर खांबांनी पूर्ण उत्तर मिळत नाही. चौकाचौकांत फुटपाथ रस्त्याच्या पातळीवर न उतरवता रस्ताच फुटपाथच्या पातळीवर उचलला, तर वेग कमी होतो आणि निदान वळणावर तरी चालणाऱ्याचा मान राहतो.

नार्वेकर_गल्लीची_टोपली

आई भाजी विकायची, मी बँकेत आहे. फुटपाथ मोकळा करण्याची मोहीम निघते तेव्हा महापालिकेची गाडी सर्वांत आधी कोणासमोर थांबते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. टोपली उचलून टाकायला दोन माणसे पुरतात. मोटार हलवायला मालक शोधावा लागतो, तो कोणाचा तरी कोणीतरी निघतो. टोपली घेऊन बसलेल्या बाईला लागते एक-दीड चौरस मीटर. वर दिलेल्या हिशेबाने रस्त्याकडेच्या एका मोटारीच्या जागेत अशा सात-आठ जणी बसू शकतात आणि त्यांच्यासमोर दिवसभरात शेकड्यांनी गिऱ्हाईक येते.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांची पाहणी केल्याशिवाय आणि त्यांना प्रमाणपत्र दिल्याशिवाय हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच हवेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले, ते योग्यच आहे. पण आपल्याकडे अशा निर्णयाचा पहिला अर्थ टोपल्या उचलणे असा लावला जाईल, ही माझी भीती आहे. धागाकर्त्यांनी मोकळ्या होणाऱ्या जागेतून सलग फुटपाथ काढावा असे लिहिले आहे. त्या फुटपाथच्या रस्त्याकडील कडेला, चालण्याची १.८ मीटर रुंदी सोडून, विक्रेत्यांचे पट्टे आखलेले असावेत, आणि ते नकाशावर आधी यावेत. नंतर जागा उरली तर पाहू, असे म्हटले की ती कधीच उरत नाही.

गोवावेसकर

विक्रेत्यांचे पट्टे आधी आखण्याची सूचना मी जशीच्या तशी प्रस्तावात घेतो. दुचाकीचा दर जागेच्या प्रमाणात, म्हणजे मोटारीच्या दराच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असावा, हेही मान्य. उत्पन्न त्याच प्रभागात खर्च करण्याची शिक्षिका ताईंची अट मला मान्य आहेच, शिवाय ती नसेल तर हा प्रस्ताव मांडण्यात अर्थ नाही असे मी म्हणेन. लोक रस्त्यावरच्या जागेचे पैसे तेव्हाच आनंदाने देतात, जेव्हा त्या पैशांतून झालेले काम त्याच रस्त्यावर दिसते. वसुलीची भीती खरी आहे. त्यावर ठेकेदाराला ठरावीक रकमेला लिलावाने जागा देण्याऐवजी महापालिकेने वसुली स्वतःकडे ठेवावी, यंत्रातून वेळ छापलेली पावती द्यावी, आणि वसुली करणाऱ्याला पगार द्यावा, टक्केवारी देऊ नये. ठेका एकरकमी असला की प्रत्येक जादा रुपया ठेकेदाराचा होतो आणि अंगावर येणारी मुले त्यातूनच निर्माण होतात.

दुकानातील कामगारांच्या बसचा मुद्दा मात्र पार्किंगच्या शुल्काने सुटणारा नाही. कंग्राळी, हिंडलगा, येळ्ळूर या मार्गांवर रात्रीची एक उशिराची फेरी व्यापारी संघटनेने वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाकडे लेखी मागावी. शंभर दुकानांच्या सह्यांचा अर्ज आणि माझ्यासारख्या निवृत्ताचा अर्ज यांत फरक असतो.

वाद कमी करणारी एक गोष्ट आपण स्वतः करू शकतो. कोणाची वाहने किती वेळ उभी असतात, यावर आपण सगळे अंदाजाने बोलत आहोत. ठरावीक टापूत सकाळी नऊ ते रात्री नऊ, दर अर्ध्या तासाला उभ्या वाहनांच्या क्रमांकांचे शेवटचे चार आकडे टिपले, की कोणते वाहन किती वेळ हलले नाही ते आपोआप कळते. त्यात मालकाचे नाव लागत नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या शहरात आहे आणि स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. प्रत्येक गल्लीच्या एका बाजूला दोन विद्यार्थी पुरतील. हे आकडे हातात आले, तर महापालिकेकडे जाताना तक्रारीऐवजी तक्ता घेऊन जाता येईल.

गणपतगल्ली_दुकान

मोजणीला माझी हरकत नाही, उलट ती व्हावी असे वाटते. फक्त ती एका दिवसाची नको. लग्नसराईतला एक दिवस, पावसाळ्यातला एक आणि महिनाअखेरचा एक असे तीन दिवस धरावेत, नाहीतर जो तो आपल्याला हवा तो दिवस पुढे करील. आमच्या दुकानासमोर विद्यार्थ्यांना बसायला खुर्ची आणि चहा मी देईन. बसच्या अर्जावर सह्या मिळवण्याचेही काम मी घेतो. शंभर नाही, पण आमच्या बाजूच्या रांगेच्या तरी नक्की मिळतील.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. मालाचे टेम्पो सकाळी लवकर रिकामे करावेत असे म्हणणे सोपे आहे, पण रविवार पेठेतून माल भरून निघतो तोच दुकाने उघडल्यावर, आणि हमाल त्याआधी येत नाहीत. त्यांच्या मुकादमाशी बोलल्याशिवाय मालाची वेळ ठरवली, तर भर दुपारी गल्लीच्या तोंडावर टेम्पो उभे राहतील आणि तुमचा तो सलग फुटपाथ पोत्यांखाली जाईल. मोजणीत टेम्पो किती वेळ थांबतो तेही टिपून घ्यावे. मुकादमाकडे मी येतो बरोबर. त्याला दुपारी दोननंतर वेळ असतो.